विश्लेषण : फायली जातात, प्रोग्राम मागे राहतात! ‘विंडोज’ बदलताना नेमके काय सांभाळायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून घरे, दुकाने, शाळा, गृहनिर्माण सोसायट्या आणि कर सल्लागारांच्या कचेऱ्या यांच्यापुढे एकच प्रश्न आहे. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाताना जुन्या संगणकातले सगळे जसेच्या तसे नेता येते का? ‘सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेतला’ म्हणजे काम झाले, हा समज अनेकांना महागात पडतो. कारण फाइल नेता येते, पण ती उघडणारा प्रोग्राम, मराठी फॉन्ट आणि लायसन्स तिच्याबरोबर जात नाहीत.

‘विंडोज १०’चे नेमके काय झाले?

२९ जुलै २०१५ रोजी आलेली ‘विंडोज १०’ बंद पडलेली नाही. संगणक सुरू होतो, फायली उघडतात, छपाई होते. थांबले आहेत ते सुरक्षेचे मोफत अपडेट. म्हणजे यापुढे या प्रणालीत एखादी त्रुटी सापडली, तर ती बुजवणारी दुरुस्ती सर्वांना आपोआप मिळणार नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढे स्थानिक मूल्य भरणे, मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून संगणकाच्या सेटिंगचा बॅकअप सुरू करणे किंवा रिवॉर्ड्सचे एक हजार गुण वापरणे असे पर्याय देण्यात आले. मात्र ही केवळ वाढीव मुदत आहे, कायमचा तोडगा नाही.

अपडेट न मिळण्याचा अर्थ मे २०१७ मध्ये जगाने पाहिला. ‘वॉनाक्राय’ने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यामागच्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. पुढच्याच महिन्यात त्याच त्रुटीचाही फायदा घेणाऱ्या ‘नॉटपेट्या’मुळे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते.

आहे त्याच संगणकावर ‘विंडोज ११’ घेता येते का?

येते, पण संगणक त्यात बसला पाहिजे. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसरही साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवले की संगणक पात्र आहे की नाही, हे कळते.

संगणक पात्र असेल तर अपग्रेड हा सर्वांत सोपा मार्ग आहे. यात फायली, बहुतेक प्रोग्राम आणि सेटिंग जागेवर राहतात. नवी प्रणाली आवडली नाही किंवा एखादा आवश्यक प्रोग्राम चालेना, तर पहिल्या १० दिवसांत मागे फिरता येते. तरीही अपग्रेडपूर्वी बॅकअप घेणे टाळू नये. मध्येच वीज गेली किंवा डिस्कने दगा दिला, तर हाताशी दुसरी प्रत हवी.

यात एक मेख आहे. ‘विंडोज ११’ फक्त ६४ बिटमध्ये येते. जुन्या संगणकावर ३२ बिटची ‘विंडोज १०’ असेल, तर प्रोसेसर चालणारा असला तरी थेट अपग्रेड होत नाही, प्रणाली नव्यानेच बसवावी लागते. शिवाय ६४ बिट विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत. पतसंस्था, दुकाने किंवा छोट्या कारखान्यांत फॉक्सप्रोवर लिहून घेतलेले जुने बिलिंगचे प्रोग्राम आजही दिसतात. त्यांची माहिती आधीच एक्सेलमध्ये किंवा नव्या प्रोग्राममध्ये काढून घेतली नाही, तर ती डिस्कवर असूनही त्या प्रोग्राममधून वाचता येत नाही.

फाइल नेता येते, मग प्रोग्राम का नाही?

फाइल ही कागदासारखी असते. फोटो, पत्र किंवा हिशेबाचा तक्ता उचलून दुसऱ्या कपाटात ठेवला तरी त्यातला मजकूर बदलत नाही. प्रोग्रामचे तसे नाही. तो बसवताना त्याचे भाग संगणकात अनेक ठिकाणी पसरतात. काही ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये जातात, काही विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, तर त्यांच्या नोंदी ‘रजिस्ट्री’ नावाच्या मध्यवर्ती वहीत होतात. अनेक प्रोग्राम इतरांशी वाटून घेतलेल्या फायलींवर अवलंबून असतात. प्रिंटर, स्कॅनर किंवा बायोमेट्रिक यंत्राशी बोलणारे ड्रायव्हर वेगळेच. लायसन्स तर अनेकदा त्या विशिष्ट संगणकाच्या ओळखीशी बांधलेले असते.

म्हणूनच ‘प्रोग्राम फाइल्स’ हा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकात टाकला, तर बहुतेक प्रोग्राम उघडतच नाहीत. डेस्कटॉपवरचे चिन्ह कॉपी करण्याची चूकही नेहमीची. कोपऱ्यात बाण असलेले चिन्ह म्हणजे फक्त शॉर्टकट असतो, फाइल किंवा प्रोग्रामकडे जाण्याची पाटी. त्याचा आकार काही केबी एवढाच दिसला, तर मूळ वस्तू मागे राहिली असे समजावे.

विंडोज व्हिस्टापासून काही वर्षे मायक्रोसॉफ्टचे ‘इझी ट्रान्सफर’ हे साधन होते. तेही फायली आणि सेटिंग नेत असे, प्रोग्राम नाही. आताचे ‘विंडोज बॅकअप’ ॲप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डर वनड्राइव्हवर ठेवते, काही सेटिंग आणि ॲपची यादी लक्षात ठेवते. नव्या संगणकावर ती चिन्हे दिसली तरी बाहेरून घेतलेले सॉफ्टवेअर पुन्हा डाऊनलोड करून बसवावेच लागते. पैसे घेऊन प्रोग्राम हलवणारी साधने बाजारात आहेत, पण लायसन्स संगणकाशी बांधलेले असेल तिथे त्यांचाही इलाज चालत नाही.

कोणत्या फायली हमखास मागे राहतात?

‘माय डॉक्युमेंट्स’ सर्वांच्या लक्षात राहते. विसरतात त्या नजरेआडच्या गोष्टी.

ब्राऊझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड हे त्यातले पहिले. पासवर्ड त्या संगणकाच्या लॉगइनशी जोडून सांकेतिक रूपात ठेवलेले असतात. त्यामुळे ब्राऊझरचा फोल्डर उचलून नेला तरी पासवर्ड सहसा येत नाहीत. ब्राऊझरमध्ये खात्याने लॉगइन करून सिंक सुरू ठेवणे किंवा पासवर्ड मॅनेजर वापरणे हा खात्रीचा मार्ग.

दुसरे ईमेल. जीमेल ब्राऊझरमध्ये पाहणाऱ्यांना चिंता नाही. पण आऊटलुकमध्ये वर्षानुवर्षांची पत्रे ‘पीएसटी’ फाइलमध्ये साठवणाऱ्या कार्यालयांची सारी पत्रे त्या एका फाइलमध्ये असतात. ती शोधून स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

तिसरे म्हणजे ‘ॲपडेटा’ हा लपवलेला फोल्डर, स्टिकी नोट्सवरची टिपणे, वर्डमध्ये तयार केलेले साचे, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली कागदपत्रे आणि डाऊनलोड्समध्ये पडून राहिलेल्या पावत्या.

‘माझे सगळे डी ड्राइव्हवर आहे’ हा दिलासाही अर्धवट आहे. अनेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. सी पुसून नवी विंडोज बसवली तर डी वाचतो. पण डिस्क बिघडली किंवा प्रणाली बसवताना चुकीचा भाग पुसला गेला, तर दोन्ही जातात. त्यामुळे डी ड्राइव्हवरची प्रत बॅकअपमध्ये मोजू नये.

मराठी मजकुराला वेगळा धोका कोणता?

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा नसतो आणि महाराष्ट्रातील कार्यालयांना नेमका तोच भोवतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या ‘आयएसएम’मधील सुरेखसारख्या फॉन्टमध्ये होत असे. डीटीपी केंद्रे, छापखाने, वकिलांची कार्यालये आणि शाळांमध्ये असा मजकूर अजूनही मोठ्या प्रमाणावर आहे.

या फॉन्टमध्ये संगणक मराठी अक्षर साठवतच नाही. तो इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवतो आणि फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘कर’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने इंग्रजीतील ‘डी’ आणि ‘जे’ ही दोन अक्षरे असतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली असे वाटून ती पुसली जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात मजकूर शाबूत असतो, हरवलेला असतो तो फॉन्ट.

त्यामुळे जुना संगणक बंद करण्याआधी त्यातले असे सर्व फॉन्ट विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून वेगळे काढून ठेवावेत. फॉन्ट विकत घेतलेला असेल तर त्याची सीडी, डोंगल किंवा लायसन्सचा कागदही सांभाळावा. महत्त्वाच्या कागदपत्रांची पीडीएफ प्रत जुन्याच संगणकावर करून ठेवणे शहाणपणाचे. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावलेला असेल, तर कागद कुठेही तसाच दिसतो. मात्र अशा पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही किंवा मजकूर उचलून दुसरीकडे वापरता येत नाही.

कायमचा उपाय म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार आणि जोडाक्षरांचीही अशीच उलथापालथ होते. म्हणून माणसांची नावे, गावांची नावे, गट क्रमांक आणि रकमा मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय रूपांतरित फाइल अंतिम मानू नये.

युनिकोड वापरणाऱ्यांनाही एक छोटा धक्का बसू शकतो. मंगल, कोकिळा आणि अपराजिता हे फॉन्ट ‘विंडोज १०’ आणि ‘११’मध्ये देवनागरीच्या पर्यायी फॉन्टसंचात आहेत. ते नसतील तर मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट वाचता येतो, पण ओळी आणि पाने सरकतात. सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडली, किंवा पर्यायी सुविधांमधून हा संच बसवला, की प्रश्न सुटतो.

पेजमेकरच्या फायलींचे काय?

मराठी दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि स्मरणिका वर्षानुवर्षे पेजमेकरमध्ये बनल्या. ॲडोबीने हे सॉफ्टवेअर केव्हाच थांबवले आहे आणि त्यात युनिकोड चालत नाही. त्याची फाइल इनडिझाइनच्या ‘सीएस ६’पर्यंतच्या आवृत्त्या उघडू शकत होत्या, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणजे पेजमेकर चालणारा जुना संगणक गेला, तर त्या फायली असून नसल्यासारख्या. ज्यांच्याकडे असा संग्रह आहे, त्यांनी किमान पीडीएफ काढून घ्यावी. शक्य असेल तर एक जुना संगणक इंटरनेट तोडून या कामापुरता राखून ठेवावा.

टॅली आणि डिजिटल सहीसारख्या गोष्टी कशा न्यायच्या?

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी वेगळ्या असतात : प्रोग्राम, कंपन्यांचा डेटा आणि लायसन्स. प्रोग्राम नव्याने डाऊनलोड करता येतो. डेटा आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरमध्ये असतो. तो नुसता कॉपी करण्यापेक्षा टॅलीच्याच मेनूतून बॅकअप घ्यावा आणि नव्या संगणकावर तो उघडून शिल्लक रक्कम जुळते का, हे पाहावे. लायसन्स मात्र जुन्या संगणकावरून आधी ‘सरेंडर’ करून मग नव्यावर सुरू करायचे असते. डिस्क पुसून झाल्यावर ही आठवण झाली, तर नाहक धावपळ होते. इतर अनेक लेखा आणि डिझाइन सॉफ्टवेअरनाही हाच नियम लागू आहे : आधी जुन्यावरून सोडवा, मग नव्यावर बांधा.

जीएसटी, प्राप्तिकर किंवा निविदांसाठी वापरली जाणारी डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते, संगणकात नाही. टोकन नव्या संगणकाला लावता येते. पण त्याचा ड्रायव्हर आणि संबंधित संकेतस्थळाने सांगितलेले सहीचे साधन पुन्हा बसवावे लागते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी विंडोज बदलू नये, ते यासाठीच.

पेनड्राइव्ह, क्लाऊड की हार्ड डिस्क?

पेनड्राइव्ह वाहतुकीसाठी ठीक, साठवणुकीसाठी नाही. तो ‘फॅट ३२’ पद्धतीचा असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर जात नाही. लग्नाचा व्हिडीओ नेमका इथे अडतो. ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कला ही अडचण नाही आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. फॉरमॅट केल्यास त्यातले सगळे पुसले जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

क्लाऊड सोयीचे आहे, पण मोफत जागा मर्यादित असते. वनड्राइव्हवर ५ जीबी, गूगल खात्यावर जीमेल आणि फोटोंसह १५ जीबी. जागा भरली की पुढच्या फायली क्लाऊडवर चढत नाहीत आणि सूचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शिवाय वनड्राइव्हमध्ये ढगाचे चिन्ह असलेली फाइल संगणकात नसतेच, ती फक्त क्लाऊडवर असते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक पूर्ण प्रत आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची क्लाऊडवर दुसरी, ही जोडी बहुतेकांना पुरते.

लिनक्स किंवा मॅककडे वळताना काय बदलते?

‘विंडोज ११’ न चालणाऱ्या संगणकावर लिनक्स बसवण्याचा सल्ला दिला जातो आणि तो अनेकदा योग्य असतो. उबंटू, मिंट किंवा सी-डॅकची ‘बॉस’ यांसारख्या प्रणाली मोफत आहेत. त्या पेनड्राइव्हवरून थेट चालवून प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग चालते का, हे बसवण्यापूर्वीच तपासता येते. फोटो, पीडीएफ, व्हिडीओ यांना काही होत नाही. वर्ड आणि एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण मांडणी थोडी हलते आणि एक्सेलमधले मॅक्रो अडखळू शकतात. विंडोजसाठीचे प्रोग्राम मात्र लिनक्सवर थेट चालत नाहीत. ‘वाइन’च्या मदतीने काही चालतात, सगळे नाही.

जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव इथे बोलका आहे. तेथील पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले. फायली हलवणे हे त्यातले सोपे काम होते. वेळ खाल्ला तो विभागाविभागांनी वर्षानुवर्षे बनवलेले साचे, अर्ज, मॅक्रो आणि फक्त विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामनी. साच्यांसाठी तर पालिकेला ‘वोलमक्स’ हे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहावे लागले. २०१७ मध्ये शहराने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला.

मॅक घेणाऱ्यांसाठी ॲपलचे ‘मायग्रेशन असिस्टंट’ विंडोजमधल्या फायली आणते, प्रोग्राम नाही. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीची हार्ड डिस्क मॅकवर वाचता येते, तिच्यावर लिहिता मात्र येत नाही.

मग क्रम काय असावा?

पहिले काम फायलींची नव्हे, प्रोग्रामची यादी करण्याचे. सेटिंगमधील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’चा फोटो मोबाइलवर काढला तरी चालतो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : नव्या प्रणालीवर तो चालतो का, पुन्हा कुठून मिळेल आणि लायसन्स कोणाकडे आहे.

त्यानंतर फायलींच्या दोन प्रती. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत अशा दोन्ही फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहावा. प्रत्येक प्रकारची एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा केवळ अंदाज असतो.

तिसरे काम किल्ल्यांचे. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. अनेक नव्या संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. विंडोजचे खाते दुकानदाराच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर ही किल्लीही त्याच्याच खात्यात जाते. संगणक दुरुस्तीला देताना किंवा विंडोज बसवून घेताना खाते स्वतःच्याच ईमेलवर आहे ना, हे म्हणूनच पाहावे.

एवढे झाल्यावर नवी प्रणाली, मग ड्रायव्हर, मग फॉन्ट, मग प्रोग्राम आणि सर्वांत शेवटी फायली.

जुना संगणक केव्हा पुसायचा?

नवा संगणक आला त्याच दिवशी तर नाहीच. एक पूर्ण महिना दोन्ही ठेवावेत. महिनाअखेरीचे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, पगाराचा तक्ता, सोसायटीची देयके अशी प्रत्येक कामे एकदा नव्यावर झाली, की काय राहिले ते आपोआप कळते. या काळात जुना संगणक इंटरनेटला न जोडणे बरे.

सगळे जुळल्यावर लायसन्स सोडवली आहेत ना, हे पुन्हा पाहून ‘रीसेट’मधील ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा. नुसते ‘डिलीट’ केलेल्या फायली परत काढता येतात. आधार, पॅन आणि बँकेच्या कागदांच्या प्रती त्यात असतील, तर हा आळस धोक्याचा. संगणक भंगारवाल्याला देण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रियाकर्त्याकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांना तेच अपेक्षित आहे.